वीस बाय चोवीसची फ्रेम, एकशेदहाची जाळी आणि तीन सुताचं रबर: हे आकडे आले कुठून?

गल्लत नको म्हणून तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही म्हापशाजवळ घराच्या पडवीत टी-शर्टवर स्क्रीन छपाई, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई ओढून करायची छपाई, सुरू करताय. व्हिडिओंत सगळे २०×२४ इंचाची फ्रेम (जाळी ताणायची चौकट) आणि ११०, १५६ची मेश (म्हणजे ती जाळी) सांगतात. मुंबईचा दुकानदार ४३, ७७, १२० अशा नंबरांत बोलतो. आणि गावचा मेस्त (सुतार) म्हणतोय की १८×२२ची फ्रेम केलीत तर माझ्याकडच्या सागवानाच्या तुकड्यांत भागेल. तुम्ही विचारताय, हे 'स्टँडर्ड' आकडे ठरवले कोणी, त्यामागे काही शास्त्र आहे का, आणि ते मोडले तर काय बिघडेल.

यातला तुमच्या खिशाला लागणारा प्रश्न शेवटचा. पण त्याचं उत्तर पहिल्याशिवाय मिळत नाही. मी फोंड्याला सत्तावीस वर्षं स्क्रीन मारतोय: टी-शर्ट, काजूच्या पिशव्या, फुटबॉल क्लबांच्या जर्सी, जत्रेतल्या नाटकांची पोस्टरं. पहिली दहा वर्षं मी हे आकडे देवाज्ञा समजून पाळले. मग एकेक करून कळत गेलं की यातले बरेचसे छपाईवाल्यांनी ठरवलेलेच नाहीत. कोणी पिठाच्या चाळणीवाल्याने ठरवले, कोणी कागदवाल्याने, कोणी लाकूड कापणाऱ्याने. आपण ते आयते उचलले. काही आकडे मात्र शाईच्या आणि कापडाच्या स्वभावातून आलेत, त्यांच्याशी खेळता येत नाही. कुठला आकडा कुठल्या जातीचा, एवढं ओळखता आलं की पुरे.

जाळीपासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथे बुडतात.

दुकानात आपण 'बोल्टिंग' मागतो. कधी विचार केलाय, बोल्टिंग म्हणजे काय? बोल्ट-नटशी त्याचा काही संबंध नाही. पीठ चाळण्याला इंग्रजीत बोल्टिंग म्हणत. युरोपातल्या पिठाच्या गिरण्यांना मैदा आणि कोंडा वेगळा करायला अगदी एकसारख्या भोकांचं कापड लागायचं, आणि ते स्वित्झर्लंडमध्ये रेशमात विणलं जाई. एकोणिसाव्या शतकात या रेशमी चाळणीचा मोठा धंदा होता. पुढे १९०७ साली मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमनने रेशमी जाळीतून छपाई करण्याचं पेटंट घेतलं. छपाईसाठी वेगळं कापड विणायची कोणाला गरजच वाटली नाही, कारण गिरणीचं कापड तयार होतं. भोकं एकसारखी, धागा मजबूत, ठाणावर ठाण उपलब्ध. सायनबोर्डवाल्यांनी तेच चौकटीवर ताणलं आणि कापडाबरोबर गिरणीचे नंबरही या धंद्यात आले.

ते नंबर होते ६ डबल एक्स, ८ डबल एक्स, १० डबल एक्स, १२ डबल एक्स असे. नंबर जितका मोठा तितकी चाळणी बारीक, आणि 'एक्स' म्हणजे धाग्याचा जाडपणा. यात इंच-सेंटीमीटरचा काही हिशेब नाही, गिरणीवाल्याची ती नुसती क्रमवारी. धागे मोजले तर ६ नंबरला इंचाला ७४ भरतात, १०ला १०९, १२ला १२५ आणि १६ला १५७. हे आकडे जरा ओळखीचे वाटतात का बघा. तुमच्या व्हिडिओवाल्याचं ११० म्हणजे जवळजवळ जुनं दहा नंबर, आणि त्याचं १५६ म्हणजे जुनं सोळा नंबर. सुती कपड्यावर ठळक छपाईला मैद्याची जी चाळणी चालली, तीच आजही चालते आहे. माझी आजी मैदा चाळायची ती चाळणी आणि माझी स्क्रीन या सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी नक्कीच.

रेशमाची एक अडचण होती. जाळीवर एकदा स्टेन्सिल (चित्राचा साचा) बसवलं की ते काढताना कापड खराब व्हायचं, आणि दमट हवेत ताण ढिला पडायचा. मग नायलॉन आलं, त्यामागून पॉलिएस्टर. पॉलिएस्टरचा शोधही मँचेस्टरच्याच एका संस्थेतला: १९४१ साली व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये काम करताना तो लावला. 'कॅलिको' हा शब्द आपल्या कालिकतवरून गेलेला. म्हणजे मलबारच्या कापडाचं नाव मिरवणाऱ्या छपाईवाल्यांच्या संस्थेत असा धागा निघाला, ज्याच्यावर आज जगभरचे छपाईवाले जगतात.

पॉलिएस्टरबरोबर नंबराची पद्धतही बदलली. युरोपने सेंटीमीटरला किती धागे हे मोजायला सुरुवात केली, अमेरिका इंचावरच राहिली. तुमच्या गोंधळाचं मूळ एवढंच आहे. ४३ला २.५४ने गुणा, १०९ येतात, त्याला ११० म्हणतात. ७७चे १९५, ९०चे २३०, १२०चे ३०५. ३०५ हा आकडा कोणाच्या डोक्यातून आला असेल असं मला पूर्वी वाटायचं. १२० गुणिले २.५४ म्हणजे ३०४.८, एवढीच त्याची जन्मकथा.

आपल्या गोव्यात तर हे दोन घोडे रोजच एका गाडीला जुंपलेले असतात. जमीन आपण चौरस मीटरवर विकतो, आणि त्याच जमिनीवरच्या घराची दारं मेस्त इंच-सुतात कापतो. तिथे कोणाचं काही बिघडत नाही, कारण दोघंही एककाचं नाव तोंडाने घेतात. मेशवाला घेत नाही. तो नुसतं 'एकशेवीस' म्हणतो.

यात मी कसा पोळलो ते सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत एका क्लबच्या काळ्या टी-शर्टांची ऑर्डर होती, त्यावर पांढरा प्लास्टिसॉल (कापडावर छापायची दाट शाई). फोनवरून मी 'एकशेवीसची मेश' मागवली. मनात इंचाला १२० होते, आले ते सेंटीमीटरला १२०. मेश ताणली, कोटिंग (उजेडाने घट्ट होणारा लेप) केलं, एक्स्पोज केलं, म्हणजे उजेड दाखवून चित्र जाळीवर उतरवलं, सगळं झकास. शाई ओढली तर काळ्यावर राखाडी धूसर काहीतरी उमटलं. दोनदा ओढा, चारदा ओढा, तेच. मी शाईला दोष दिला, स्क्वीजीला (शाई ओढायच्या रबराला) दोष दिला, हवेला दोष दिला. दुसऱ्या दिवशी भिंगाखाली बघितलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. सेंटीमीटरला ४३ धाग्यांच्या जाळीचं भोक दीडशे मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतं. सेंटीमीटरला १२०च्या जाळीचं पन्नासच्या आत. पांढऱ्या शाईचा जाडजूड लगदा त्यातून जाणार कसा? पिठाच्या चाळणीतून पोहे चाळायला निघालो होतो.

म्हणून जाळीबाबत माझं मत असं. ११० की १२५ यावर भांडू नका, तो फरक गिरणीवाल्यांचा आहे. पण भोकाचा आकार आणि शाईतला कण यांचं नातं पक्कं आहे. भोक सगळ्यात मोठ्या कणाच्या किमान तिप्पट असावं, असा ढोबळ नियम आहे. चमकीच्या शाईला इंचाला ३०-४० धाग्यांची जाळी लागते ती याचसाठी. काळ्या कापडावर पांढऱ्याला ११०च्या आसपास, फिक्या कापडावर साध्या रंगाला १५६च्या आसपास. फोटोसारखं ठिपक्यांचं काम असेल तर एका इंचात ठिपक्यांच्या जितक्या ओळी, त्याच्या चार-साडेचार पट धागे धरा. पाण्यावरच्या शाईला यात थोडाफार बदल करावा लागतो, कारण ती पातळ असते आणि बारीक जाळीत वाळून बसते. उन्हाळ्यात दुपारी पंख्याखाली काम करत असाल तर जास्तच.

आणि हो, दुकानदार मेशला '४३ टी' म्हणतो, त्यातल्या 'टी'चा अर्थ टी-शर्ट नव्हे. माझ्याकडे काम शिकायला आलेल्या निम्म्या मुलांना तसंच वाटतं. एस म्हणजे बारीक धागा, टी म्हणजे मध्यम, एचडी म्हणजे जाड. गिरणीच्या एक्सचीच ही पुढची पिढी.

आता स्क्वीजी. ही बोटीवरून उतरलेली आहे. जहाजाच्या डेकवरचं पाणी ओढून काढायला खलाशी दांड्याला चामडं किंवा रबर लावून वापरत, तिचं हे नाव. वास्कोच्या बंदरात आजही डेक धुताना बघा, हाताची चाल तीच. रबराची जाडी सहसा ९.५ मिलिमीटर आणि उंची ५० मिलिमीटर सांगतात. साडेनऊ हा विचित्र आकडा वाटतो ना? मेस्ताला विचारा, तो लगेच सांगेल: तीन सूत. इंचाचे आठ सूत, त्यातले तीन म्हणजे ९.५२ मिलिमीटर. उंची दोन इंच. इंचाचं माप मिलिमीटरचे कपडे घालून आलंय. या जाडीत पवित्र असं काही नाही, पण सगळे लाकडी आणि अॅल्युमिनियमचे दांडे याच खाचेचे मिळतात, म्हणून मी ती बदलत नाही.

रबराचा कडकपणा मात्र वेगळ्या जातीचा आकडा. ६०, ७०, ८० हे जे लिहिलेलं असतं ते शोअर ए या मोजपट्टीवरचं. अल्बर्ट शोअर नावाच्या माणसाने १९२०च्या दशकात रबरात सुई किती रुतते यावरून कडकपणा मोजणारं यंत्र केलं, त्याची ही ० ते १०० पट्टी. ६० मऊ, शाई जास्त सोडतं. ८० कडक, रेघ धारदार काढतं. टी-शर्टला मी ६५-७० वापरतो. रंगावरून रबर ओळखू नका, प्रत्येक कंपनीचा हिरवा-लाल वेगळा. जुनं रबर शाईतल्या द्रावकाने फुगतं नाहीतर वाळून कडक होतं, तेव्हा छापलेल्या आकड्यापेक्षा अंगठ्याच्या नखावर भरवसा ठेवा.

आता तुमची फ्रेम.

आधी कागदाबद्दल दोन वाक्यं, कारण पोस्टरांची कामंही तुमच्याकडे येतील. आपल्याकडे कागदाची दोन घराणी एकत्र नांदतात. एक जुनं इंग्रजी: क्राउन, डेमी, फुलस्केप. क्राउन म्हणजे मुकुट आणि फुलस्केप म्हणजे विदूषकाची टोपी, दोन्ही कागदातल्या जलचिन्हांवरून पडलेली नावं. शाळेत परीक्षेला फुलस्केप मागताना आपण विदूषकाची टोपी मागत होतो हे मास्तरांनी कधी सांगितलं नाही. डबल क्राउन २०×३० इंच, नाटकाच्या पोस्टरचं जुनं माप, आजही चालतं. दुसरं घराणं जर्मन. १९२२ साली तिथे ए-मालिका ठरली: ए-झिरोचं क्षेत्रफळ बरोबर एक चौरस मीटर, आणि प्रत्येक कागद मधोमध दुमडला की पुढचा आकार मिळतो, लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं. आकार विचार करून ठरवल्याचं या सगळ्या धंद्यातलं हे जवळजवळ एकमेव उदाहरण.

तुम्हाला यातलं ए-थ्री महत्त्वाचं. तुमचा पॉझिटिव्ह (चित्राची पारदर्शक फिल्म) ज्या इंकजेट प्रिंटरवर निघेल तो बहुधा ए-थ्री असेल, म्हणजे २९७×४२० मिलिमीटर, जवळपास पावणेबारा बाय साडेसोळा इंच. तुमच्या छपाईची कमाल सीमा तिथेच ठरली. लोक १२×१६ची प्रिंट म्हणतात ती प्रिंटरच्या तोंडाच्या मापाची आहे, माणसाच्या छातीच्या मापाची नव्हे.

आता हिशेब करा. दीड इंच जाड लाकडाची २०×२४ फ्रेम आतून १७×२१ होते. त्यात १२×१६ची प्रिंट ठेवली तर चारी बाजूंना अडीच इंच उरतात. उंची १४ केलीत तर वर-खाली साडेतीन. ही मोकळी जागा वाया गेलेली नसते. तिथे शाईचा ढीग राहतो, स्क्वीजी टेकते, आणि मुख्य म्हणजे जाळीला लवायला जागा मिळते. फ्रेमच्या काठाजवळ जाळी ताठ असते, तिथे रबर दाबलं की चित्र ओढलं जातं आणि दुसरा रंग पहिल्यावर बसत नाही. म्हणून बाजूंना दोन इंच, वर-खाली तीन इंच ही माझी किमान मर्यादा. तिला मी शास्त्रच समजतो.

लाकडाचा हिशेबही जुळतो. २०×२४चा घेर ८८ इंच, म्हणजे आठ फुटी पट्टीत एक फ्रेम बसते आणि करवतीला पुरेसं उरतं. मी घेतो तो मेशचा रोल ५० इंच पन्ह्याचा असतो, त्याचे उभे दोन भाग केले की पंचवीस-पंचवीस. वीस इंचाच्या बाजूला दोन्हीकडे अडीच इंच धरायला मिळतात, चिंधी जवळजवळ निघत नाही. शिवाय फोटोच्या कागदाच्या ८×१०, ११×१४, १६×२०, २०×२४ या जुन्या इंची मापांच्या रांगेतही हे माप बसतं. इतक्या बाजूंनी सोयीचं पडलेलं माप टिकतं, मग ते कोणी ठरवलेलं असो.

मोठ्या मशीनवाल्यांची २३×३१ची फ्रेम कुठून आली तेही याच पद्धतीने उलगडतं. अमेरिकेत टी-शर्ट ज्या फळीवर चढवतात ती सहसा १६×२२ इंचाची. मोठ्यांच्या टी-शर्टात सहज जाते आणि प्रिंटला जागा देते. तिच्याभोवती बाजूंना साडेतीन आणि वर-खाली साडेचार इंच धरले की २३×३१. गोल फिरणाऱ्या, अनेक रंगांच्या मशीनचं पेटंट मायकेल व्हॅसिलँटोनला १९६९ साली मिळालं, आणि अशा मशीनांमुळे फ्रेमचं माप हे मशीनच्या पकडीचं माप होऊन बसलं. तुमच्याकडे ती पकड नाही. तुम्ही टेबलाला बिजागरीचे क्लँप लावून काम करणार, त्यात कुठलीही फ्रेम बसते.

मग मेस्ताची १८×२२ चालेल का? आतून ती होते १५×१९. त्यात १२ इंच रुंद प्रिंट टाकली तर बाजूंना दीड-दीड इंच. एका रंगाला कशीबशी चालेल, दोन रंग आले की रडाल. तीच फ्रेम १०×१२च्या प्रिंटला झकास आहे: बाजूंना अडीच, वर-खाली साडेतीन. म्हणजे उत्तर तुमच्या कामावर आहे. छातीवरचा लोगो, लहान मुलांच्या जर्सी, काजूच्या पिशव्या एवढंच करणार असाल तर मेस्ताचं ऐका, शाई आणि मेश दोन्ही वाचेल. कळंगुटच्या दुकानांसाठी छातीभर चित्रं छापणार असाल तर २०×२४ घ्या. दोन्ही करणार असाल तरी सगळ्या फ्रेम एकाच मापाच्या करा. प्रत्येक फ्रेम वेगळ्या मापाची असली की रजिस्ट्रेशनच्या (रंगावर रंग बरोबर बसवायच्या) खुणा, कोटिंगचा ट्रे, वाळवायची फडताळं, सगळंच दरवेळी नव्याने जुळवावं लागतं.

सागवानाबद्दल एकच सूचना. लाकूड पूर्ण सुकलेलं आहे ना ते बघा आणि सांधे जोडल्यावर वार्निशचे दोन हात द्या. आपल्या पावसात कच्ची फ्रेम जूनला सरळ असते आणि ऑगस्टला पापडासारखी होते. चवथीच्या ऑर्डरी नेमक्या तेव्हाच येतात. परवडलं तर मुख्य कामाच्या दोन-चार फ्रेम अॅल्युमिनियमच्या घ्या, बाकीच्या लाकडी असू देत.

मेस्ताकडे जाताना हा कागद बरोबर न्या, त्यावर मोठ्या अक्षरात लिहा: '२०×२४, बाहेरून.' व्हिडिओंतलं माप नेहमी बाहेरचं असतं, आणि आपला मेस्त खिडकी-दरवाज्याच्या सवयीने आतलं धरतो. माझ्या पहिल्या सहा फ्रेम त्याच घोळात २३×२७ झाल्या, त्यातल्या दोन अजून माळ्यावर आहेत. आणि मेश आल्यावर प्रत्येक फ्रेमच्या कडेला मार्करने नंबर लिहाल तेव्हा नुसता १२० लिहू नका, पुढे 'सेंमी' किंवा 'इंच' लिहा.